दाबलंय, सोडलंय

१

जीपच्या कामात माझ्याकडून रितेशला फक्त एक पाय हवा होता. मला जवळचं धड दिसत नाही, हाताला जोर नाही, पण पाय अजून शेताचे बांध चढतो. तेवढा पुरे, म्हणाला.

तर काम असं. तो गाडीखाली उताणा आणि मी वर ड्रायव्हरच्या सीटवर. तो खालून सांगणार, "दाब." मी ब्रेक दाबायचा आणि म्हणायचं, "दाबलंय." मग तो चाकाच्या आतल्या बाजूचा बारका नट सैल करणार. नट सैल झाला की माझ्या पायाखाली ब्रेक बसत जातो, लावणीच्या चिखलात पाय रुततो तसा. लायनीत अडकलेली हवा ऑईलबरोबर नळीतून बाटलीत येते, बुडबुड करत. मग तो नट आवळणार आणि म्हणणार, "सोड." मी पाय उचलायचा, म्हणायचं, "सोडलंय." की पुन्हा पहिल्यापासून. हवा संपेपर्यंत.

हे दाबलंय-सोडलंय तोंडाने म्हणायचंच, असा त्याचा दंडक. त्याला खालून माझा पाय दिसत नाही, मला वरून त्याचा हात दिसत नाही. त्याने नट आवळायच्या आधी मी पाय उचलला तर लायन बाहेरची हवा आत ओढून घेते आणि केलेलं सगळं फुकट जातं. दोघांच्या मध्ये शब्दाखेरीज काही नाही.

रितेश माझा नातू, माझ्या मुलाचा, महिपतचा थोरला. महिपत मुंबईला असतो. रितेशही तिकडे गॅरेजात होता, लग्न झाल्यावर म्हणाला गावी राहतो, आणि राहिला. त्याची बायको सानवी पोटुशी होती. दिवस भरत आले होते. आमची वाडी वर सड्यावर, कातळाच्या माळावर, आणि पावसाने खालच्या ओढ्यावरची मोरी वाहून नेलेली. तेव्हापासून एसटी, रिक्षा, दवाखान्याची गाडी, सगळं मोरीच्या पलीकडे थांबायचं. त्या पऱ्याच्या दगडगोट्यांतून पार होईल अशी गाडी एकच, जुनी जीप. ती त्याने चिपळूणला पुरात बुडालेल्या गाड्यांच्या एका भंगारातून आणली. महिपत फोनवर म्हणाला, पोराला वेड लागलंय. मी म्हटलं, वेड लागलेलं परवडलं, तुझी सून डोलीत अडकलेली नाही परवडणार.

जीप आली तेव्हा तिच्या सीटखाली, दाराच्या फटीत, सगळीकडे नदीचा गाळ होता. पिठासारखा बारीक. मी पुसून काढला की दुसऱ्या दिवशी थोडा पुन्हा असायचा. मला वाटलं, जुनी गाडी, झडतंय कुठून तरी.

इंजिन त्याने कधीच चालू केलं. ब्रेकच्या जुन्या लायनी मात्र हात लावला की भाकरीसारख्या मोडत होत्या. त्याने त्या सगळ्या काढून टाकल्या आणि नव्या तांब्याच्या नळ्या गुडघ्यावर वाकवून वाकवून चारी चाकांना जोडल्या. मांगरात, आमच्या शेतीच्या सामानाच्या खोपीत, गाडी उभी, चाकांखाली चिरे. सानवी घरापुढच्या खळ्यातून विचारायची, झालं का? तो सांगायचा, आता हवा काढली की झालं.

२

तीन चाकं सरळ झाली. चौथं, माझ्याच बाजूचं मागचं, ऐकेना. किती दाबलं, किती सोडलं, बुडबुडे येतच राहिले. रितेशने जोड उघडून पुन्हा बसवला. बोट फिरवून बघितलं, थेंब गळत नव्हता. नवी नळी, नवं ऑईल, तरी बाटलीत पडायचं ते गढूळ. पावसाळ्यात पऱ्याचं पाणी असतं त्या रंगाचं.

"काढतोय तेवढी कोण भरतंय आत?" तो खालून म्हणाला. मी म्हटलं, तुझा बाप भरत असेल, त्याच्या मनात गाडी नाही. तो हसला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी जेवून मी मांगरात गेले. उन्हं कौलांतून खाली उतरली होती, जीपच्या खालून त्याच्या पान्याचा किणकिण आवाज येत होता. मी चढून सीटवर बसले. म्हटलं, आले रे. जरा वेळाने खालून आलं, "दाब."

मी दाबला. "दाबलंय."

ब्रेक बसत गेला. नेहमीपेक्षा सावकाश. नळीतून हवा सुटली ती लांबलचक सुटली, कोणी तरी पुष्कळ वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी.

"सोड."

"सोडलंय."

असं पुष्कळदा झालं. मी मोजलं नाही. दर वेळी माझ्या पायाखालचा ब्रेक जरा कडक होत गेला, आणि शेवटी असा झाला की दगडावर पाय ठेवलाय. मला बरं वाटलं. मी खाली तोंड करून म्हटलं, गेली रे तुझी हवा. खालून उत्तर आलं नाही.

मग मांगराच्या दारात रितेश उभा राहिला. खांद्यावर टॉवेल, मिशीला पेजेचं पाणी.

"आजी, कधीची येऊन बसल्येस गो? कोणाशी बोलतेस?"

मी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे बघितलं. तो अजून ब्रेकवर होता.

मी काही सांगायच्या आत त्याने वाकून हात घालून ब्रेक दाबून बघितला, आणि त्याचं तोंड उजळलं. खाली सरपटला, नट चाचपला. आवळलेला होता, घट्ट. बाटली काठोकाठ भरलेली. तो म्हणाला, कधी कधी हवा आपली आपण वर चढते, तू नुसता पंप मारत बसलीस म्हणून निघाली. मी विचारलं, नट न उघडता? त्याने बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, सैल राहिला असेल.

पाना त्याच्या खिशात होता. मला दिसत होता, त्याची मूठ खिशाबाहेर आलेली.

३

मी माझ्या मनाला समजावत राहिले. कान म्हातारे आहेत. दुपारची वेळ, पोटात भात, डुलकी लागली असेल. सबंध दिवस दाब-सोड ऐकलं की ते कानात राहतं, जात्यावरून उठलं तरी घरघर राहते तसं. माणूस आपल्या मनचं ऐकतो. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि ते पटलंही.

पण पायाला कान नाहीत. खाली कोणी नट उघडल्याशिवाय ब्रेक बसत नाही, हे मला एवढ्या दिवसांत कळलं होतं. आणि तो माझ्या पायाखाली बसला होता. एकदा नाही.

आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, न दिसणाऱ्याने नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तीनदा येऊ द्यायची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो. मी हे उभ्या जन्मात चुकवलं नाही. सासू हयात असताना तिला सुद्धा तीनदा बोलवायला लावलं आहे, आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या आहेत. पण 'दाब' हे काय माझं नाव आहे? त्याने माझं नाव घेतलंच नाही. त्याने काम सांगितलं, आणि मी कामाला ओ दिली.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सानवीला तर नाहीच. पोटुशी बाईच्या कानावर काय घालायचं याचा विचार करावा लागतो.

रितेशचा घसा दुसऱ्या दिवशी बसला. आधी खरखर, मग नुसती कुजबुज. तो म्हणाला, ऑईलचा वास लागला. मी ज्येष्ठमध दिलं, आल्याचा रस दिला. ताप नाही, खोकला नाही, गिळताना दुखत नाही. फक्त आवाज नाही. सानवी त्याला चिडवायची, बरं झालं, आता माझं ऐकून घ्याल.

त्याने जीप सड्यावर फिरवून आणली, उतारावर दाबून बघितली. पाय ठेवला की उभी. मुंबईत सुद्धा असा ब्रेक कोणाला साधला नव्हता, असं तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला. त्याला माझं कौतुक करायचं होतं. हँडब्रेकची तार तेवढी बसवायची राहिली होती. ती रत्नागिरीहून आणणार होता.

मी एकदा गाडीच्या खाली काठी घालून बघितली. काठी कशाला लागली नाही.

४

सानवीला कळा लागल्या त्या भातकापणीत, सकाळच्या पारी. वाडीतली माणसं शेतात. रितेशने दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. गाडी दुसऱ्या बाईला घेऊन गेलेली, थांबावं लागेल म्हणाले. सानवीचं पाणी गेलं होतं. थांबायचं कशाला, आपल्या दारात गाडी होती.

मला मागे बसायला सांगितलं, तिला मांडीवर घेऊन. मी चढताना एकदा चाकाकडे बघितलं. मग चढले. दुसरं काय करणार होते?

पऱ्या पार केला. दगडांवरून जीप अशी गेली की सानवीला धक्का लागू नये म्हणून मीच डुलत होते. पलीकडे डांबरी लागली तेव्हा मला वाटलं, देवा, निभावलं. पुढे उताराची घाटी, एका हाताला डोंगर कापलेला, दुसऱ्या हाताला दरी, आणि तळाशी मोठा रस्ता. रितेश हळू घेत होता.

अर्ध्या उतारावर वास आला. जळका, चामड्यासारखा. माझ्या मागून धूर निघत होता. रितेशने गाडी कडेला डोंगराच्या बाजूला घेतली, उतरला, आणि पुढच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावून आला. मागचं तेच चाक धरून बसलं होतं. त्याने पाय काढला तरी चाकाने ब्रेक सोडला नव्हता.

तो कुजबुजत सांगत होता आणि मी त्याच्या ओठांकडे बघत होते. लायनीत दाब अडकलाय. नट उघडून थोडं ऑईल काढलं की चाक सुटेल. हँडब्रेक नाही, म्हणून मी पुढे बसून ब्रेक धरायचा. त्याला ओरडता येत नव्हतं, म्हणून खूण ठरवली. पान्याचा एक ठोका म्हणजे दाब. दोन ठोके म्हणजे सोड. दोन झाले की एकदा सोडून लगेच परत दाबायचा, आणि तो येईपर्यंत दाबून धरायचा.

"मी येऊन पाय ठेवीन, मगच काढ," तो म्हणाला.

मी पुढे येऊन बसले. सानवी मागे आडवी, ओठ चावत. बाहेरच्या आरशात मला मागचं चाक दिसत होतं, आणि चाकापाशी त्याचे बूट, टाचा खाली, टोकं आभाळाकडे.

एक ठोका आला. मी दाबला. तोंडातून सवयीने निघालं, "दाबलंय." ब्रेक खाली गेला. मागे काही तरी टणकन सुटल्यासारखं वाजलं, गाडी कणभर हलली आणि दगडांवर टेकली. दोन ठोके आले. मी सोडला, परत दाबला. ब्रेक कडक झाला. झालं होतं.

मी दाबून बसले, तो यायची वाट बघत.

"सोड."

५

आवाज खालून आला. खणखणीत, स्वच्छ. कितीतरी दिवसांत मी रितेशचा असा आवाज ऐकला नव्हता. क्षणभर मला आनंद झाला, की घसा सुटला.

मग कळलं. पायाचं बोट न् बोट गार पडलं.

मी आरशात बघितलं. रितेश मागे, रस्त्याच्या कडेला होता. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याखाली हात धरून तो ऑईल धूत होता, पाठमोरा. आणि चाकापाशी पाय अजून होते.

ते बूट नव्हते. अनवाणी तळवे होते, वर आलेले. म्हणजे जे कोणी होतं ते पालथं होतं. तळवे पांढरे पडलेले आणि चुरगळलेले, सबंध दिवस पाण्यात उभं राहून भात लावलं की होतात तसे. त्यांच्यातून पाणी गळत नव्हतं. धुळीत ते कोरडे होते.

"सोड," ते म्हणालं.

मागून सानवी कण्हत म्हणाली, "आजी, सोडा ना. हे कधीचे सांगतायत."

तिलाही ऐकू येत होतं. तेवढा एक माझा आधार होता, की माझे कान बिघडलेत. तोही गेला.

रितेश हात झटकत माझ्या दाराकडे निघाला. मी त्याला सांगितलं, पुढून ये, त्या बाजूने जाऊ नकोस. तो पुढून वळसा घालून दारापाशी आला. मी विचारलं, तू आत्ता काही बोललास का? त्याने मान हलवली. तेवढ्यात खालून, आम्हा तिघांना ऐकू येईल असं, त्याच्याच आवाजात परत आलं. सोड.

त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. तो वाकून बघायला लागला तसा मी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. त्या हातात इतका जोर कुठून आला मला माहीत नाही.

"वाकू नकोस," मी म्हटलं. "बायकोला बघ."

वरून हॉर्न वाजवत एक मासळीचा टेम्पो आला, रिकामे क्रेट भरलेला, मिरकरवाड्याच्या बंदराला निघालेला. रितेशने रस्त्यात उभं राहून अडवला. टेम्पोवाला भला माणूस. त्याने क्रेट बाजूला केले, ताडपत्री अंथरली. दोघांनी मिळून सानवीला डाव्या बाजूने उतरवलं. ती मला बोलवत होती. आजी, तुम्ही चला.

रितेश परत आला, म्हणाला, चल. मी म्हटलं, नाही येत. गाडी वर उतारावर आहे आणि तुम्ही तिच्यापुढे ह्याच रस्त्याने खाली जाणार, सुटली तर तुमच्यावरच येईल. ह्याला मी सोडावं असं का वाटतंय मला माहीत नाही, पण ते वाटतंय, म्हणून मी सोडणार नाही. तुम्ही तळाला लागेपर्यंत मी बसते. रितेशच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पोर असताना सुद्धा फार रडायचा नाही. मी त्याला म्हटलं, जा रे, हे काही नवीन नाही, मी काय पहिल्यांदा दाबतेय?

टेम्पो वळणाआड गेला. त्याच्या इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग थांबला.

६

पाय आधी दुखला, मग कळेनासा झाला. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. ऊन काचेतून आत आलं, मांडीवर पडलं, उतरलं. एक मोटारसायकलवाला आला. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हातारी गाडीत बसलीय, आणि गेला. मी आरशात बघायचं सोडून दिलं होतं.

ते बोलत होतं. रितेशच्या आवाजात मधूनमधून, घाई नसल्यासारखं. मी तोंड मिटून ठेवलं. एकदा ओ दिली होती ती दिली.

मग ते माझ्या आवाजात बोललं. "सोडलंय," म्हणालं. अगदी मी म्हणते तसं, शेवटचं अक्षर जरा ओढून. जणू मी दुसऱ्याच कोणाला तरी सांगतेय की झालं, आता तुझं कर. माझा पाय ब्रेकवरच होता. मी खात्री करून घेतली, डोळ्यांनी नाही, हाताने चाचपून.

नंतर बराच वेळ काही नाही. डोंगरातून पाणी टिपटिपत होतं. दरीत मोर ओरडला. मी मनात टेम्पोबरोबर खाली जात होते, आता नाका आला असेल, आता दवाखान्याचं फाटक, आता तिला आत घेतलं असेल. देवाचं नाव घ्यायचं ते घेतलं.

आणि खालून, माझ्या सीटच्या बरोबर खालून, तान्हं मूल रडलं.

नुकतं जन्मलेलं. ते रडणं मला ओळखू येतं. वाडीतल्या कितीतरी बायकांच्या उशाशी मी बसलेय. पहिला श्वास आत जाताना तो अडखळतो, आणि मग ती पहिली, चिरकी, रागावलेली आरोळी. ती आली. मग दुसरी.

माझा पाय मी काढला नाही. हे मी कोणासमोरही सांगेन. मी सगळं अंग त्याच्यावर टाकलं होतं. पण ब्रेक खाली गेला, सरळ, पार तळापर्यंत, कारण खाली कोणी तरी नट उघडला. हवा सुटली नाही. ह्या वेळी हवा आत गेली. ओढल्यासारखी, लांब, घशाशी आवाज करत. आणि रडणं त्या हवेबरोबर नळीत शिरलं, लहान होत गेलं आणि थांबलं.

मग ब्रेक वर यायला लागला. माझा पाय त्याच्यावर, पायावर माझे दोन्ही हात, हातांवर छाती. तरी तो वर आला, सावकाश, मला उचलत. जिथे थांबायचा तिथे थांबला.

गाडी दगडांवरून हलली नाही.

७

मुलगी झाली. रितेश आणि टेम्पोवाला दिवेलागणीच्या आधी मला घ्यायला आले, तेव्हा रितेशने मला उचलूनच उतरवलं. टेम्पोवाला पेढा द्यायला लागला. मी आधी विचारलं, रडली का?

रितेश माझ्या कानाशी वाकला. मग कुजबुजला, "नाय रडली. पण बरी आहे."

सिस्टरने पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या. पोरीने तोंड उघडलं, छाती भरून घेतली, लाल झाली, सगळं केलं जे रडताना करतात. आवाज आला नाही. डॉक्टरांनी घशात बघितलं. पुढे कोल्हापूरला नेली, तिथे आणखी मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. घशात काही दोष नाही म्हणतात. वाढेल तसं येईल म्हणतात. सानवीने नाव आधीच ठरवलं होतं, आरोही. गाण्यातलं आहे म्हणे.

जीप रस्त्यात ठेवता येईना, म्हणून ट्रॅक्टरने ओढून आणून मांगरात लावली. रितेश तिच्याकडे फिरकत नाही. त्याचा आवाज अजून आला नाही. आमच्या घरात आता मोठ्याने बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

आणि दुपारी मांगरातून रडणं येतं.

रितेश हाताने खूण करून सांगतो, मांजर आहे. मीही शेजारच्या यमुनाबाईला तेच सांगते. पण रडणं आलं की सानवीची छाती भरून येते, चोळी भिजते. बाईचं अंग कोणाला विचारत नाही. ती मांडीवरच्या मुक्या पोरीला पाजत असते आणि मान मांगराकडे असते. मी तिचा हात धरून बसते. ती हात काढून घेत नाही, पण त्या हातात ओढ असते, ती मला कळते.

मी भंगारवाल्याला निरोप धाडला होता. तो आला, गाडीभोवती फिरला, उद्या नेतो म्हणाला. त्या दुपारी मी मांगराच्या बाहेर उभी राहून ऐकलं. ते आमच्याच पोरीचं रडणं आहे. भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं, आणि घरात तिचं तोंड ज्या वेळी उघडतं त्याच वेळी तिकडून येतं. जीप गेली तर ते कुठे जाईल? कुठल्या तरी यार्डात, कापायच्या यंत्राखाली. मी भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. तो हसत गेला.

परवा मी खळ्यात पेंढा रचून आत आले तर पाळण्यापाशी सानवी नव्हती. आरोही जागी होती. मुठी आवळलेल्या, तोंड उघडं, लालबुंद. अशी रडत होती की पाळण्याच्या कड्या हलत होत्या, आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मांगरातून मात्र काहीच येत नव्हतं. मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि धावले, जेवढं माझ्याने धाववतं तेवढं.

सानवी मागच्या चाकाशी बसली होती. गाडीला पाठ टेकून, एक गुडघा वर, पदर पुढे ओढून, पाजताना बसतात तशी. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता कुठे लागलंय," ती हळूच म्हणाली. "आवाज करू नका."

पदराखाली काही नव्हतं. पदर सपाट होता, वाऱ्याने हलत होता. मी पाय न वाजवता जवळ गेले, कान दिला, आणि मला गिळण्याचा आवाज आला. एक घोट. जरा थांबून दुसरा.

मी खाली बघितलं. कडेवरची आरोही रडायची थांबली होती. डोळे मिटले होते, आणि प्रत्येक घोटाबरोबर तिचे ओठ हलत होते.